पुण्याहून एका दिवसात: गावाकडच्या वस्तूंचं, लोककलेचं म्युझियम, ७८ वर्षांच्या वडिलांना आणि ९ वर्षांच्या लेकीला दोघांनाही आवडेल असं

मोगरा_कोथरूड

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गेल्या वर्षी गावचं घर बंद करून आमच्याकडे कोथरूडला राहायला आले. वय ७८, मूळ कराडजवळचे, आयुष्य शेतीत गेलं. तब्येत ठीक आहे, सपाटीवर आरामात चालतात, जिने चढताना मात्र गुडघा बोलतो. माझी लेक चौथीत आहे, तिला शाळेत बारा बलुतेदार हा प्रकल्प दिलाय आणि ती नेटवरून चित्रं प्रिंट करून चिकटवतेय. परवा अण्णा तिच्या शेजारी बसले होते, एका चित्राखाली नांगर लिहिलेलं होतं आणि ते म्हणाले अगं हा नांगर न्हवं, ही पाभर हाय. तिने विचारलं पाभर म्हणजे काय, तर हाताने दाखवायला लागले पण हातात काही नाही ना, शेवटी तिला कळलं नाही आणि ते गप्प झाले. ते गप्प होणं मला फार लागलं.

तर अशी एखादी जागा सुचवा जिथे या वस्तू समोर असतील, म्हणजे दोघांना बोलायला काहीतरी मिळेल. एसी हॉल आणि काचेची कपाटं असलंच पाहिजे असं काही नाही, रस्त्याच्या कडेला कुणी हौसेने मांडलेलं असलं तरी चालेल, उलट तसंच जास्त आवडेल. गाडी आहे, नवरा चालवतो. रविवारी जाऊन रविवारी परत यायचंय शक्यतो.

---

घाटवाट

ताई, तुमच्यासाठी एकच जागा डोळ्यासमोर येते, कणेरी मठ. कोल्हापूरच्या पुढे साधारण बारा किलोमीटर, बेंगलोर हायवेने गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम नाव आहे. म्युझियम म्हणजे इमारत नाही, मोकळ्या रानात अख्खं गाव उभं केलंय. माणसं, बैल, गाई, कोंबड्या, सगळे सिमेंटचे पुतळे आणि सगळे खऱ्या मापाचे. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, न्हावी, सुतार, परीट, सकाळी फिरणारा वासुदेव, जात्यावर बसलेल्या बायका. चालत चालत गेलं की एकेक घर, एकेक काम समोर येत राहतं.

मी आईला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा ७० ची होती. मला वाटलं अर्ध्या तासात बघून होईल आणि आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला जाऊ. मोटेपाशी आई थांबली ती थांबलीच. बैल, मोटकरी, विहीर, सगळं बघितलं आणि मग मला म्हणाली, तुला ठाऊक आहे का मोटेला दोन दोर लागतात. मला खरंच ठाऊक नव्हतं. जाड तो नाडा, त्याने मोट वर येते, आणि बारीक तो सोंदूर, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला असतो. मोट वर आली की सोंदुराने सोंड खाली ओढली जाते आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडतं, कुणाला हात लावावा लागत नाही. थारोळं म्हणजे पाणी पडायची दगडी जागा, तिथून पाट निघतो. बैल उतारावरून खाली पळतात ती धाव, आणि परत येताना त्यांना उलट्या पावलांनी मागे सरकत वर यायला लागतं. आई म्हणाली की तिचा भाऊ नाड्यावर बसायचा, बैल उताराला लागले की टुणकन उडी मारून नाड्यावर, म्हणजे त्याचं वजनही ओढायला उपयोगी पडायचं. तो मामा मी कधी बघितलेला नाही, तो तरुणपणीच गेला. त्याच्याबद्दल एवढं सलग बोलताना आईला मी पहिल्यांदा ऐकलं आणि तेही एका सिमेंटच्या बैलापाशी उभं राहून.

आम्हाला तिथे तीन तास लागले. दर्शन राहिलं, त्याचं आईला काही वाटलं नाही. तर जा, नक्की जा. टोपी आणि पाणी घ्या, सावली आहे पण सगळीकडे नाही. आणि मुलीच्या हातात वही द्या.

---

साधा_माणूस

जागा उत्तमच आहे पण कोथरूडहून कणेरी एका बाजूने २४० किमीच्या आसपास पडतं, जाऊन येऊन पाचशे म्हणजे नऊ दहा तास नुसते गाडीत, ७८ वर्षांच्या माणसाला हे एका दिवसात नको. कराडचेच आहात ना, कुणी नातेवाईक असतील तर शनिवारी संध्याकाळी तिथे मुक्काम करा. कराडहून कोल्हापूर पाऊण एकशे किलोमीटर आहे. सकाळी ताजेतवाने पोचाल आणि दुपारच्या उन्हाच्या आत बघून होईल.

---

पेठेतला

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण मला आश्चर्य वाटतं की पुण्यातला माणूस असा प्रश्न विचारतो तेव्हा बाजीराव रोडवरचं केळकर म्युझियम कुणाला पटकन आठवत नाही. आमच्या घरापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे आणि मी वर्षातून दोनदा तरी जातोच.

दिनकर गंगाधर केळकर म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. अज्ञातवासी या नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि पुढची साठ सत्तर वर्षं थांबले नाहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव, राजा दिनकर केळकर. कमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, यात बरोबरीने साथ दिली. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला, पद्मश्रीही मिळाली. वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या फार तर अडीच हजार.

आता यात राजेरजवाड्यांचं काय आहे तर फार थोडं. आहे ते घरातलं. दिवे, दौती, फण्या, पानाचे डबे, खवण्या, कुलपं, वाद्यं, वाड्यांचे कोरीव दरवाजे. चित्रकथीची चित्रं आहेत. मस्तानीचा कोथरूडचा महाल होता त्याचे भाग आणून एक दालन उभं केलंय, तुम्ही कोथरूडच्या आहात तर लेकीला ते आवर्जून दाखवा.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या वज्री. आंघोळीच्या वेळी पाय घासायची वस्तू, आपण आता दगड वापरतो तीच. पितळेची, तळाला बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून खरखरीत केलेलं आणि वर पकडायला मूठ. पण ती मूठ नुसती मूठ नाही, मोर आहे, पक्ष्यांची जोडी आहे, कुठे हरिण, काहींना घुंगरं. म्हणजे विचार करा, न्हाणीघरात, अंधारात, चुलीवरचं पाणी काढून एक बाई एकटी आंघोळ करतेय, टाच घासतेय आणि हातातला मोर वाजतोय. तिला बघायला कुणी नाही. तिच्यासाठी कुण्या तांबटाने तो मोर केला. अडकित्त्यांचंही तसंच, सुपारी कातरायला दोन पाती पुरतात पण एका पात्यावर बाई आणि एका पात्यावर पुरुष, आणि मूठ दाबली की ती जवळ येतात. घरातल्या वापराच्या वस्तूवर एवढा जीव लावणारी माणसं आपल्याच गल्लीबोळात राहात होती, हे मला तिथे गेल्याशिवाय कळलंच नसतं.

सकाळी दहाला उघडतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि अनंत चतुर्दशीला बंद असतं. एकच सांगतो, तिथे मजले आहेत, जिने चढावे लागतात, त्यामुळे अण्णांना घेऊन एका दिवसात सगळं बघायचा हट्ट करू नका. एक दालन बघा, बाहेर या, चहा घ्या, पुढचं पुढच्या महिन्यात. घरापासून रिक्षाच्या अंतरावर असल्याचा तोच फायदा आहे.

---

खटावची_लेक

माझं मत औंधला. पुण्यातलं औंध नाही, सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. पुण्याहून दीडशे किमीच्या आसपास, साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे. एका दिवसात आरामात जाऊन येता येतं आणि रस्ता पण छान आहे, दोन्ही बाजूला शेतं.

यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार करायचे, त्यांनी १९३८ साली हे बांधलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्प सुद्धा आहे, आमच्या खटावात, जिथे पाऊस पडायची मारामार. लहानपणी आम्ही यमाईला गेलो की आजोबा आधी देवीला आणि मग म्युझियमला न्यायचे, दोन्हीकडे चपला काढायच्या असं आम्हाला वाटायचं कारण आजोबा दोन्हीकडे सारखेच गप्प व्हायचे.

पण प्रामाणिकपणे सांगते, ताईंना पाभर आणि मोट दाखवायची असेल तर तिथे ते नाही, ते एका कलासक्त राजाचं म्युझियम आहे. अण्णांना बोलतं करायचंय ना, मग कणेरीच बरं. औंध पुढच्या खेपेला ठेवा आणि जाल तेव्हा सोमवार टाळा, सोमवारी बंद असतं.

---

तळकोकण_प्रवासी

एक दिवसाचं नाही म्हणून आधीच माफी, पण कुणी कधी सावंतवाडी किंवा गोव्याकडे गाडीने जाणार असेल तर कुडाळच्या जवळ पिंगुळीला थांबाच थांबा. ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलंय. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, तिन्ही कला एकाच अंगणात. त्यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली.

चित्रकथीची पोथी म्हणजे पुस्तक नसतं हे मला तिथे कळलं. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, कथेकरी एकेक चित्र उभं धरून दाखवतो आणि गात गात गोष्ट सांगतो, सोबत वीणा, टाळ, हुडूक. केळकर म्युझियमला काचेमागे चित्रकथी बघितली होती तेव्हा सुंदर चित्र एवढंच वाटलं होतं. माणसाच्या हातात, आवाजासकट बघितली तेव्हा कळलं की हे सांगण्यासाठी आहे. पुण्यात पहिलं बघा आणि मग कधीतरी दुसरं, दोन्ही बघणाऱ्याला जास्त मिळतं.

---

वाटसरू_सांगली

थोडं वेगळं लिहितो, कुणी राग मानू नये. मी कणेरीला दोनदा गेलोय, मुलांना घेऊन गेलोय, काम सुरेखच आहे, करणाऱ्यांच्या हातात कला आहे यात वादच नाही. पण ताई, तुमच्या लेकीचा प्रकल्प बारा बलुतेदारांवर आहे म्हणून सांगावंसं वाटतं.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वतनाचं काम करायचे. महार वतन. पाळी आली की वेस राखायची, सांगावे घेऊन दुसऱ्या गावाला चालत जायचं, दिवस असो रात्र असो, मेलेलं जनावर ओढायचं. बलुतं म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा आणि एरवी दारोदार जाऊन भाकरी. मागायचा हा शब्द लक्षात घ्या. सुतार पण बलुतेदार आणि माझे आजोबा पण बलुतेदार, वहीत दोघे एका ओळीत येतात, पण सुतार अंगणात बसून काम करायचा आणि माझे आजोबा वेशीच्या आत कुठपर्यंत यायचं ते ठरलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं आणि वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ ला. मधली तीस वर्षं माझे आजोबा भाकरी मागत होते.

पुतळे बघताना गाव किती गुण्यागोविंदाने नांदत होतं असं वाटतं. मुलांना तेवढंच कळून घरी येऊ देऊ नका. तुमचे अण्णा ७८ वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांनी हे लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना एवढंच विचारा की तुमच्या गावात पाणी कोण कुठून भरायचं. तुमच्या लेकीला शाळेतल्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल. आणि जा मात्र नक्की.

---

मोगरा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. @वाटसरू_सांगली दादा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचायला दिलं. राग कसला, बरं झालं लिहिलंत. @साधा_माणूस तुमचं ऐकतोय, कराडला आत्या आहे माझी, अण्णांची धाकटी बहीण, तिला फोन केलाय. जाऊन आल्यावर लिहिते.

---

मोगरा_कोथरूड

जाऊन आलो. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

शनिवारी तीनला निघालो, खंबाटकीच्या घाटात थोडी गर्दी, साडेसातला आत्याकडे. अण्णा आणि आत्या रात्री बारापर्यंत बोलत बसले होते, आम्ही झोपलो. सकाळी आत्या तयार होऊन दारात उभी, म्हणाली मी पण येणार, मला कुणी कुठं न्हेतंय. मग पाच जण झालो.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं अण्णा काहीच बोलले नाहीत, मला भीती वाटली की त्यांना हे सगळं खोटं खोटं वाटतंय की काय. आणि मग एका ठिकाणी बैलाला आडवा पाडून पत्री मारताना दाखवलंय तिथे ते थांबले. लेकीने विचारलं आजोबा याला मारतायत का. ते वाकले, गुडघा दुखतो तरी वाकले, आणि तिला बैलाचं खूर दाखवलं. म्हणाले, "पोरी, घोड्याचं खूर सबंध असतंय, त्याला एक नाल. बैलाचं खूर मधनं दुभंगलेलं, मग एका पायाला दोन पत्र्या लागत्यात. चार पायांच्या किती?" तिने आठ सांगितलं. मग म्हणाले की पत्री मारली नाही तर डांबरी सडकेवर गाडी ओढताना खूर झिजतंय आणि बैल लंगडायला लागतो, शेतातल्या मऊ मातीत गरज नव्हती पण कारखान्याला ऊस घालायला लागलो तशी पत्री लागायला लागली. चौथीतल्या मुलीला एका वाक्यात साखर कारखाना आला तेव्हा काय बदललं ते कळलं. हे मला सुद्धा माहीत नव्हतं हो, आणि मी त्यांच्याच घरात वाढले.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. पाभर सापडली. पाभरीच्या वर जे लाकडी वाडग्यासारखं असतं ते चाडं, त्यात मुठीने बी सोडायचं आणि ते नळ्यांतून खाली तासात पडतं. आत्या म्हणाली चाडं बाईनंच धरायचं, दादा. अण्णा म्हणाले बरोबर, आमच्यात आई धरायची, तिची मूठ सारखी पडायची, एकसारखं बी. मग आत्याने मूठ करून दाखवली. बोटं किती ढिली सोडायची, ज्वारीला किती आणि हरभऱ्याला किती, करंगळीकडून कसं सोडायचं. माझी लेक आणि आत्या दोघी रस्त्याच्या कडेला बसून बारीक खडी मुठीत घेऊन सोडत होत्या, मागून येणारे लोक थांबून बघायला लागले आणि एक काकू म्हणाल्या आमच्याकडे तर अंगठ्याकडून सोडतात. त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. माझ्याकडे या सगळ्याचा व्हिडिओ आहे आणि मी तो तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलाय.

@घाटवाट दादा, मोटेपाशी मी मुद्दाम त्यांना नाडा आणि सोंदूर विचारलं. अण्णा चकित झाले, म्हणाले तुला कुणी सांगितलं. तुमच्या आईंनी सांगितलं असं मी म्हटलं. त्यांना नमस्कार सांगा.

आता @वाटसरू_सांगली दादा. विहिरीपाशीच मी विचारलं. पाणी कोण कुठून भरायचं. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. आत्याच बोलली आधी, म्हणाली आडापाशी त्या बाया घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि आपण वाढलं तरच पाणी. मग अण्णा म्हणाले की त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, अभ्यासात सगळ्यात पुढे, नाव घेऊन म्हणाले ते, आणि तो तहान लागली तरी शाळेत पाणी प्यायचा नाही, घरी पळत जाऊन पिऊन यायचा. मास्तर उशीर झाला म्हणून मारायचे. अण्णा म्हणाले, "मी एक दिवस पण त्याला तांब्या दिला न्हाई. मला कुणी दे म्हटलं न्हाई आणि मी पण दिला न्हाई." लेक ऐकत होती. तिने विचारलं का नाही दिला. ते म्हणाले माझी चूक झाली. माझ्या आयुष्यात मी अण्णांच्या तोंडून हे तीन शब्द ऐकले नव्हते.

तिने ते वहीत लिहिलंय, तिच्या शब्दांत. प्रकल्पात एक पान आहे, वर पाणी असं लिहून खाली एवढंच, की आजोबांच्या वर्गातला मित्र घरी पळत जाऊन पाणी प्यायचा. मी त्यात काही दुरुस्त केलं नाही.

बाकी व्यावहारिक: पायवाट चांगली आहे, मध्येमध्ये बसत बसत गेलो तर अण्णांना त्रास झाला नाही, अडीच तास लागले. दुपारी कोल्हापुरात जेवलो, अण्णा आणि आत्या माळकरी त्यामुळे पिठलं भाकरी, नवऱ्याने तांबडा पांढरा खाल्ला. आत्याला कराडला सोडून रात्री साडेनऊला घरी. येताना गाडीत वहीतले शब्द मोजले, एकतीस नवे शब्द झाले. चाडं, तास, पत्री, थारोळं, सोंदूर, इसाड, जू, शिवळ, खळं, मदन. मदन म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरतात, आत्या म्हणते तिवडा पण म्हणतात.

---

घाटवाट

वाचून आईला फोन केला. नमस्कार पोचला. ती म्हणते तिवडाच बरोबर, मदन तिने ऐकलेलं नाही, पण कराडकडे म्हणत असतील.

---

खटावची_लेक

आमच्याकडे तिवडाच. मूठ करंगळीकडून की अंगठ्याकडून ते मी आता आईला विचारणार आहे. व्हिडिओचं फार चांगलं केलंत ताई, माझ्या आजीचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही.

---

वाटसरू_सांगली

ताई, तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा. माझे वडील सुद्धा शाळेतून पाण्यासाठी घरी पळायचे. तुमच्या लेकीचं ते पान मी वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने म्हणाले, परत वाच.

---

पेठेतला

आता केळकरचं विसरू नका. मुलीला वज्री दाखवायची राहिलीये.

---

मोगरा_कोथरूड

@वाटसरू_सांगली दादा, सांगितलं. अण्णा तुमच्या वडिलांचं गाव कोणतं ते विचारत होते, तुम्हाला चालणार असेल तर मला मेसेज करा.

@पेठेतला काका, काल गेलो होतो, एकच दालन केलं, तुम्ही सांगितलंत तसंच. वज्रीपाशी अण्णा म्हणाले ही आपल्याकडे आहे. मला वाटलं त्यांना काहीतरी दुसरं आठवतंय. घरी आल्यावर गावाहून आणलेली ट्रंक उघडायला लावली, तळाला जुन्या लुगड्यात गुंडाळलेली निघाली, माझ्या आजीची. मुठीला दोन चिमण्या आहेत, एकीची चोच झिजून गुळगुळीत झालीये, अंगठा तिथेच टेकत असणार. पार काळी पडलीये. चिंच लावून घासली तर चालेल का?

---

पेठेतला

वरच्या चिमण्या हलक्या हाताने चिंचेने पुसल्या तर चालेल, लगेच साध्या पाण्याने धुवून कोरडी करा, चिंच तशीच राहू देऊ नका. तळाला अजिबात घासू नका, त्या रेघा बुजल्या तर वज्री कामाची राहात नाही. मऊ दाताच्या ब्रशने मळ काढा फक्त. आणि ती झिजलेली चोच आहे ना, तिथला काळेपणा तसाच राहू द्या.